सांध्यातला श्वास

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून, मनातल्या मनात हसत. माझा धंदाच असा आहे की आवाज कुठून आला ते मला सापडतं. घरात रोज कुणीतरी गुणगुणतं म्हणून हवालदिल झालेल्या एका कुटुंबाला मी त्यांच्या फ्रिजची मोटर दाखवली आहे. स्पीकरमधून माणूस बोलतो म्हणणाऱ्याच्या अ‍ॅम्प्लिफायरने रेडिओ पकडला होता. प्रत्येक आवाजाला एक वायर असते आणि वायरला दुसरं टोक असतं, एवढंच माझं अध्यात्म.

त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय. पण ओशाळायचं कारण तेवढंच नाही… ते पुढे येईल.

नारायणगावातून खोडदकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं दुकान आहे. खाली साउंड सिस्टिमचं गोडाऊन, वर एडिटिंगची खोली. खिडकीतून द्राक्षाचे मांडव दिसतात आणि त्यांच्या मागे रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या डिश, सगळ्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. यात्रांच्या दिवसांत मी जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी भोंगे लावतो. एरवी लग्नाचे व्हिडिओ, दशक्रियेची प्रवचनं, रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती, असली एडिटिंगची कामं.

आमच्याकडे यात्रा म्हणजे बैलगाडा शर्यत. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. चढाची सरळ धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात. खाली गाडा जुंपतात, वर स्टेजवर घड्याळवाले आणि अनाउन्सर. खालच्यांना वरचा घाट नीट दिसत नाही, मधे माणसांची भिंत असते. म्हणून वरून अनाउन्सर पट्टी रिकामी असल्याचं बघतो आणि माइकवर सांगतो, "घाट मोकळा… येऊ द्या!" मग खालून बैल सुटतात. सुटलेले बैल कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

सोपाननाना आमच्या भागातला सगळ्यात जुना अनाउन्सर. बोलण्याआधी तो अंगठ्याच्या नखाने माइकवर दोनदा टकटक करायचा, मग छाती भरून श्वास घ्यायचा, "हंऽ" असा, आणि मग बोलायचा. ती टकटक आली की अख्ख्या घाटाचे कान तिकडे. दुसरे अनाउन्सर पाहुण्यांची, पुढाऱ्यांची तारीफ करत बसायचे. नाना करायचा नाही. "मी डोळ्याला दिसल तेवढंच बोलतो राव. न दिसल्यालं बोलाया मी काय कीर्तनकार हाय व्हय?" असं म्हणायचा.

माझ्या नाकाचं हाड वाकडं आहे. श्वास घेतला की बारीक शीळ वाजते. घरात सवयीची झाली होती. एका यात्रेत नानाच्या माइकला फीडबॅक आला, भोंगे किंचाळले. नाना माइकवरच म्हणाला, "आरं ए दिलपा! तुझ्या नाकातली शिट्टी भोंग्यात कशी काय शिरली? बायकूला इचारा मंडळी, ही शिट्टी घेऊन ती निजती कशी!"

घाट हसला. माझे सासरे स्टेजवर पाहुणे म्हणून बसले होते. तेही हसले, मग माझ्याकडे बघून खाली बघितलं.

त्या दिवसापासून मी दोन्ही तालुक्यांत 'शिट्टी' झालो. सामान घ्यायला मंचरला गेलो तरी दुकानातले शेठजी गल्ल्यावरून म्हणायचे, "या शिट्टीशेठ." नाना विसरून गेला असेल, त्याच्यासाठी तो रोजचाच विनोद. मी मात्र विसरलो नाही. वरून हसायचो. त्याची केबल गुंडाळताना, त्याच्यासाठी चहा सांगताना आत एक खिळा ठोकलेला होता.

मग ती यात्रा आली. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. यात्रा कमिटीच्या अध्यक्षाचाच गाडा जुंपला होता. बैल तापलेले, खाली पाच-सहा जण त्यांना कसेबसे धरून. तेवढ्यात लेकीच्या गावी यात्रेला आलेला एक पाहुणा घाट ओलांडायला उतरला. नानाने टकटक केली. "थांबा! घाटात माणूस हाय! धरा, गाडा धरून ठेवा!"

मी मिक्सरवर होतो, हेडफोन कानाला. माझ्याइतकं स्वच्छ ते कुणीच ऐकलं नसेल. स्टेजवर, खाली, सगळीकडे हलगीचा गलका; बाकी किती जणांना कळलं देव जाणे. पण अध्यक्ष खालीच होता आणि त्याने स्वतः हात वर करून गाडा सोडायला लावला. बैल तापलेत तोवर पळाले तर नंबर येईल, एवढाच त्याचा हिशोब. पाहुणा बैलांखाली आला. खुब्याचा चुरा झाला, दवाखान्यात गेल्यावर वारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष माझ्या खोलीत आला. "रेकॉर्डिंग हाय का तुझ्याकडं?"

"आहे."

"मग नाना काय बोलला त्यात?"

मी सांगितलं. तो उठून डिशांकडच्या खिडकीशी गेला. मग म्हणाला, "असं कर, जरा नीट ऐकून बघ. येऊ द्या म्हणला असंल."

इतकंच. धमकी नाही, आमिष नाही. इतके दिवस मी मनाला सांगत आलो की माझ्यावर दबाव होता. आज लिहितो, नव्हता. तो हे म्हणाला आणि माझ्या आत काहीतरी लगेच उठून उभं राहिलं. कारण मला ते करायचंच होतं.

क्रॉसफेड म्हणजे दोन आवाजांचा सांधा. पहिला हळूहळू खाली जातो, त्याच वेळी दुसरा वर येतो, मधे क्षणभर दोन्ही एकमेकांवर असतात. चांगला जमला तर कानाला जोड कळत नाही. नानाचं "थांबा" आणि पुढचं सगळं मी कापलं. आधीच्या गाड्याच्या वेळचं "घाट मोकळा… येऊ द्या!" उचलून तिथे बसवलं, त्याची टकटक आणि श्वास धरून. मागे हलगी वाजत होती, तिचा ठोका ठोक्यावर आणला. दोन्ही टोकांना क्रॉसफेड दिला. एकच खोट राहिली. सांध्याच्या जागी कुठल्यातरी पोराची पिपाणी वाजत होती, ती सुरू होऊन मधेच विरून जायची. अर्धी पिपाणी. यात्रेत पिपाण्या मोजतंय कोण, म्हणून तशीच ठेवली. खरं सांगायचं तर ते काम मला आवडलं होतं. इतका सुंदर सांधा मी त्याआधी कधी केला नव्हता.

मंदिराच्या सभामंडपात बैठक झाली. ती क्लिप माझ्याच स्पीकरवर वाजवली. नाना खांबाला टेकून मान तिरपी करून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "परत लाव."

परत लावली.

"आवाज माझाच हाय," नाना म्हणाला. "पण हे मी बोललो न्हाई. मला मानूस दिसला व्हता." मग त्याने मंडपभर नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली. "दिलीप, तू मशिनीवर व्हतास. तू सांग बाबा, मी काय बोललो?"

त्याने पहिल्यांदाच मला दिलीप म्हटलं होतं. दिलपा नाही, शिट्टी नाही.

मी म्हणालो, "रेकॉर्डिंग आहे ना, नाना."

त्याचा चेहरा मला आजही दिसतो. चिडला असता तर बरं झालं असतं. तो विचारात पडला. "माझाच आवाज हाय," तो हळू म्हणाला, "म्हंजी मीच बोललो असंन. मंग मला दिसलं ते काय व्हतं?"

पोलिसांनी त्याला ठाण्यात बसवून ठेवलं, मग सोडलं. पुन्हा त्याच्या हातात कुणी माइक दिला नाही. मेलेल्या पाहुण्याची लेक त्याच्या दारात येऊन बोटं मोडून गेली. त्यानंतर नाना बोलायचाच बंद झाला. दिसलेलं खरं की नाही याचाच भरवसा उडाल्यावर तो बोलणार तरी काय? पावसाळ्यात गेला. दशक्रियेला स्पीकर माझेच होते.

त्यानंतर काही दिवसांनी एका लग्नाच्या व्हिडिओवर बसलो होतो. मंगलाष्टकं संपतात आणि बँड सुरू होतो, त्या जागी साधा क्रॉसफेड दिला. ऐकून बघितला.

टकटक. "हंऽ."

मग बँड.

वाटलं, जुनी क्लिप चुकून टाइमलाइनवर राहिली. नव्हती. मंगलाष्टकांची क्लिप एकटी ऐकली, स्वच्छ. बँडची एकटी ऐकली, स्वच्छ. क्रॉसफेड काढून सरळ कट दिला की काही नाही. दोन्ही एकमेकांवर येतात तेवढ्याच जागेत टकटक आणि श्वास. स्क्रीनवरचा आलेख मोठा करून बघितला, तिथे नखाच्या ठोक्याची साधी रेघसुद्धा नाही. सॉफ्टवेअर बदललं, लॅपटॉप बदलला. प्रवचनात, टोमॅटोच्या औषधाच्या जाहिरातीत, जिथे सांधा तिथे नाना. छाती भरून घ्यायचा आणि बोलायचा मात्र नाही.

दुर्बिणीवर नोकरीला असलेल्या माझ्या वर्गमित्राला चहाला बोलावलं. म्हटलं, तुमच्या डिशमधून काही लहरी येत असतील का?

तो हसायलाच लागला. "येड्या, आमच्या डिश फक्त ऐकतात, पाठवत काही नाहीत. उलट तुझ्या डीजेचा, मोबाइलचा त्रास आम्हाला."

"मग बघ, ऐक." मी हेडफोन त्याच्या कानावर ठेवला.

त्याने ऐकलं. "काय ऐकू? बँड वाजतोय." मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणला, "तब्येत बरीय ना तुझी?"

पुढच्या चैत्रात पुन्हा त्याच गावची यात्रा. नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि अध्यक्षाला नाही म्हणायची हिंमत नव्हती. यंदा माइकवर नवा अनाउन्सर. भर दुपार. अध्यक्षाच्या गाड्याची पाळी आली. आमच्याकडे गाडा सुटायच्या आधी मालकाची माणसं वाजतगाजत, भंडारा उधळत घाटातून वर येतात. अध्यक्ष फेटा बांधून सगळ्यात पुढे, पिवळाधमक, हात वर करून नाचत. खाली त्याचेच बैल जुंपलेले. वाजवणारे वर पोचून बाजूला झाले, हा मात्र एकटा घाटाच्या मधोमध फोटोवाल्याकडे तोंड करून उभा राहिला.

नवा अनाउन्सर स्टेजच्या कडेला पाणी पीत होता. माइक स्टँडवर, त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, मी पार खाली ओढलेला. लॅपटॉप तर मी आणलाच नव्हता, तो खोडद रोडला दुकानात होता. हे सगळं मी नंतर शंभर वेळा आठवून बघितलंय.

भोंग्यातून आलं… टकटक. "हंऽ." "घाट मोकळा… येऊ द्या!"

आणि त्या आधी, अगदी सुरुवातीला, पिपाणी. सुरू झालेली आणि अर्ध्यात विरलेली.

माझाच सांधा. गावाने तो ऐकला होता, पण तो सांधा आहे हे जगात फक्त मला आणि अध्यक्षाला माहीत होतं. मिक्सरवर नजर गेली, मीटरचा एकही दिवा हलत नव्हता. माझ्या वायरीतून तो आवाज जातच नव्हता.

खाली बैल सुटले.

माझ्या टेबलावर टेस्टिंगचा माइक असतो, चालू. मी उचलला होता. तोंडाशी आणला होता. "थांबा" म्हणायला वेळ होता… बैल सुटले तरी त्याला उडी मारायला वेळ होता. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात दोनच शब्द आले. होऊ दे.

तो विचार माझा होता की आणखी कुणाचा, हे मी आजही सांगू शकत नाही. पण माइक माझ्या हातात होता आणि तोंड माझं बंद होतं, एवढं नक्की.

अध्यक्ष वाचला. खुबा गेला, पाहुण्याचा गेला होता त्याच बाजूचा. खाली गाडा धरणारे सगळे शपथेवर सांगतात, आम्हाला "येऊ द्या" ऐकू आलं. स्टेजवरच्या एकालाही काही ऐकू आलं नव्हतं. त्या दिवशीचे मोबाइलवरचे कितीतरी व्हिडिओ मी बघितले. सगळ्यांत हलगी आहे, पिपाण्या आहेत, माणसांचा कालवा आहे. अनाउन्समेंट एकातही नाही.

दवाखान्यात भेटायला गेलो तर अध्यक्षाने बायकोला बाहेर पाठवलं. "शिट्टी, तू वाजवलंस."

"मी नाही."

"ती पिपानी मला वळाखली. खोटं बोलू नको. दोगांनाच म्हाईत व्हतं." दात आवळून म्हणाला, "बरा झालो ना, तुला सोडत न्हाई. पन कुनाला सांगू रं? काय सांगू?" मग भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मला दया आली नाही. बरं वाटलं. हेही लिहून टाकतो.

त्यानंतर मी नानाच्या बायकोकडे गेलो. हिराकाकू ओसरीवर लसूण निवडत बसल्या होत्या. उभ्यानेच सगळं सांगितलं, नाकावरच्या विनोदापासून सगळं. त्यांनी मधे एकदाही वर बघितलं नाही. सांगून संपलं तेव्हा म्हणाल्या,

"जाताना मला म्हनले, हिरे, मला खरंच मानूस दिसला व्हता गं. मी म्हनले, आता नका तरास करून घिऊ. मीबी इस्वास ठिवला न्हाई त्यांच्यावर. भोंग्यानं सांगितलं व्हतं ना."

मी हात जोडले.

"हात नको जोडू. जितं वाजवलंस तितंच खरं वाजव. सगळ्या गावाफुडं."

ते माझ्या हातात होतं. एडिटिंगमध्ये कापलेलं मरत नाही. मूळ फाइल तशीच राहते, क्लिपची कड माउसने बाहेर ओढली की लपवलेलं परत दिसतं. तो प्रोजेक्ट मी कधी डिलीट केला नव्हता. का नाही, विचारू नका. दुकानात आलो, दुपारचं ऊन खिडकीत होतं. प्रोजेक्ट उघडला, सांध्याची कड धरली आणि ओढली.

टकटक. "हंऽ."

आणि पुढे हलगी. नुसती हलगी. "थांबा" नाही, "घाटात माणूस हाय" नाही. मूळ फाइल वेगळी उघडली, बॅकअपची पेन ड्राइव्ह लावली. सगळीकडे तेच. हलगीचा एक ठोका चुकलेला नाही, पिपाणी पूर्ण वाजते, फक्त नानाचं वाक्य तिथून गेलंय. जिथे होतं तिथून कुणीतरी उचलून नेल्यासारखं. आणि हे कापणं इतकं सफाईचं होतं की मलाही सांधा सापडला नाही.

काकूंना जाऊन सांगितलं. वाटलं, बहाणा समजतील. त्या पहिल्यांदाच हसल्या… बरं हसणं नव्हतं ते.

"बरं केलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "आता तुझ्याच तोंडानं बोल."

पुढच्या यात्रेच्या तयारीची बैठक त्याच सभामंडपात सकाळी भरली. काकू नाना टेकायचा त्याच खांबाला टेकून बसल्या. अध्यक्ष कुबड्या बाजूला ठेवून खुर्चीवर. मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं. सांगून शेवटी म्हणालो, "नाना म्हणाला होता, थांबा, घाटात माणूस हाय, गाडा धरून ठेवा."

 अध्यक्ष ओरडला, "डोकं फिरलंय ह्याचं, माइक काढून घ्या!" पण कुणी उठलं नाही.

काकू म्हणाल्या, "परत बोल."

मी परत बोललो.

"परत."

किती वेळा ते मोजलं नाही. त्या 'परत' म्हणायच्या, मी ते वाक्य बोलायचो, माझ्याच भोंग्यातून ते गावावरून जायचं. एकदा सरपंच म्हणाले, "बास की आता, काकू." काकूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घसा फाटला, आवाज चिरकायला लागला, तेव्हा त्या लुगडं झटकून उठल्या आणि निघून गेल्या. माफ केलं म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नव्हती.

अध्यक्षाची चौकशी नव्याने सुरू झाली आहे. माझंही ठाण्यात जाणं-येणं चालू आहे. यात्रांचं काम गेलं. त्या गावात मला आता कुणी शिट्टी म्हणत नाही. म्हणजे मला कुणी काहीच म्हणत नाही.

वाटलं होतं, आता तरी ते थांबेल. परवा हिंमत करून दुकानाच्या वरच्या खोलीत गेलो. धूळ पुसली, जुन्या लग्नाच्या दोन क्लिप घेतल्या, मधे क्रॉसफेड दिला, हेडफोन लावले.

टकटक आली नाही. श्वास मात्र आला.

पुन्हा ऐकला. मग डोळे मिटून, स्वतःचा श्वास रोखून पुन्हा. छाती भरून घेतलेला मोठा श्वास, बोलायच्या आधीचा. पण "हंऽ" नाही. त्या जागी, अगदी शेवटाला, बारीक शीळ.

वाकड्या नाकातून येते तशी.

मी हेडफोन काढून ठेवले. आवाजाला वायर असते, वायरला दुसरं टोक असतं, असं वर लिहिलंय. ते टोक मी अजून शोधतोय. कुणाला काही सुचत असेल तर सांगा. जे काही बोलायचं राहिलं असेल ते बोलायला जो श्वास घेऊन बसलाय, तो मीच आहे हे मला कळतंय. काय बोलायचं राहिलंय, ते कळत नाही.